गाडीखालचा पुठ्ठा

ही माझ्यासोबत घडलेली गोष्ट आहे. मित्राच्या मित्राच्या आतेभावाची नाही.

वाचताना काही खात असाल तर आधी ते संपवा. नंतर मला शिव्या देऊ नका.

आणि रात्रीचे बारा, सुनसान रस्ता, पांढरी साडी असलं काही यात नाही. हे घडलं शनिवारी आणि रविवारी, भर दुपारी, आमच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता. उन्हानं पत्रा कडकड वाजत होता.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मला किळस फार. मी लायब्ररीत कामाला आहे. लोक बोटाला थुंकी लावून पानं उलटतात, म्हणून परत आलेली पुस्तकं मी रबरी हातमोजे घालून घेतो. माझी मोठी बहीण मला 'नाकमुरड्या' म्हणते. लग्न जमलं नाही तेव्हा म्हणाली, "बरंच झालं. बायकोही रॉकेलनं पुसून घेतली असतीस."

बाबा अगदी उलटे. आयुष्यभर कारखान्यात फिटर. नखांतलं काळं कधी गेलंच नाही. त्याच हातानं ते माझा गालगुच्चा घ्यायचे आणि मी तोंड धुवायला पळायचो.

ही गाडी त्यांचीच. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. सुट्टीच्या दिवशी ते तिच्याखाली आडवे, आणि मी बाजूला नाक धरून उभा.

"हातमोजे काढ," ते खालून ओरडायचे. "गळतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे. डोळा फसतो रे, बोट फसत नाही. उघडा हात घाल वरपर्यंत."

मी कधी घातला नाही.

खाली तेलाचे थेंब दिसले की हसायचे. "गळतंय तोवर आत तेल आहे. गळायचं थांबलं की घाबर."

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. सात महिने अंथरुणावर होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. त्याबद्दल सांगणार आहे, पण एकदम तोंड उघडवत नाही. जरा थांबा.

तर आता आई.

आई न्हाणीघरात घसरून पडली. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पाच आठवडे ती पलंगावर होती. तिच्या खोलीची खिडकी शेडमध्येच उघडते. सोमवारी दहा वाजता हॉस्पिटलात फोटो काढायचा होता, आणि हाड जुळलं असेल तर डॉक्टर तिला उभी करणार होते. बिचारी दिवस मोजत होती. "एकदा उभी राहिले ना, की तुझ्या हातचा तो पुळकवणी चहा आयुष्यात पिणार नाही," म्हणायची.

पण हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर. आईला पाय वाकवून बसता येत नव्हतं. बाबांनी या गाडीची पुढची सीट पूर्ण आडवी होईल अशी करून ठेवली होती. जायचं तर याच गाडीतून.

ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करायची. "त्यात बसून गेलेला माणूस परत आला नाही."

आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडीत तेलाचा लाल दिवा लागला.

नाक्यावरच्या मेकॅनिकनं वाकून बघितलं. इंजिनच्या तळाला तेल साठवणारं पातेल्यासारखं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. "चेंबरचं पॅकिंग गेलंय," तो म्हणाला. "सोमवारी आणा, बुधवारी न्या... फार तर गुरुवारी."

म्हणजे झालं माझं कल्याण. पॅकिंग विकत घेतलं आणि घरी आलो.

त्यात आईचं सगळं करणाऱ्या मावशी त्याच दिवशी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. मंगळवारी येणार होत्या. जाताना मला बजावून गेल्या, "कूस बदलत जा त्यांची. पाठ बघत जा. नुसतं तोंड पुसून मोकळे होऊ नका."

मी तोंड आणि हातपाय पुसले. हातमोजे घालून. पाठीचं नाव काढणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "राहू दे रे. मावशी आल्या की बघतील."

मी लगेच "बरं" म्हटलं. इतकं लगेच, की मलाच ऐकू आलं.

शनिवारी सकाळी गाडी जॅकवर चढवली, खाली लोखंडी स्टँड लावले. रॉकेल आणि ब्रशनं चेंबर घासून कोरडं केलं. फ्रिजच्या खोक्याचा लांबलचक पुठ्ठा होता, तो गाडीखाली पसरला. थेंब कुठे पडतात ते कळावं म्हणून. बाबांची पद्धत. मग जेवायला गेलो.

दोन वाजता पुठ्ठा ओढून बाहेर काढला.

इंजिन पुढे. म्हणजे डाग पुढेच हवेत.

डाग पुठ्ठाभर होते.

वरच्या टोकाला एक. त्याखाली दोन, शेजारी शेजारी. बरोबर मध्ये एक मोठा, ताटाएवढा. आणि पार खालच्या टोकाला... दोन छोटे.

वाऱ्यानं उडालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. वारा नव्हता. पत्रा तापून लाल व्हायचा बाकी होता.

पुठ्ठा भिंतीला उभा टेकवला आणि दोन पावलं मागे आलो.

डोकं. दोन खांदे. माकडहाड. दोन टाचा.

मला ही जागा न् जागा पाठ होती. सात महिने बाबांच्या चादरीवर याच सहा ठिकाणी डाग पडायचे. आई रोज ती चादर धुवायची. मी ती चिमट्यानं उचलून बादलीत टाकायचो.

जवळ जाऊन वास घेतला. घ्यायला नको होता.

तेलाचा वास नव्हता तो. गोडसर... पावडर, औषध आणि त्याखाली कुजलेलं काहीतरी. डागाच्या मध्ये काळं आणि कडेनं पिवळट कड. कड अजून ओली होती. हळूहळू पसरत होती.

मी शेडच्या कोपऱ्यात जाऊन ओकलो. खाल्लेलं सगळं.

"काय रे, काय झालं?" खिडकीतून आईचा आवाज.

"काही नाही. रॉकेल नाकात गेलं."

थोतांड आहे सगळं, उन्हाचा त्रास आहे, असं स्वतःला बजावलं आणि पुठ्ठा परत खाली सरकवला. गाडीखाली शिरून चेंबरचे बोल्ट आवळायला लागलो. एक, दोन, तीन...

वर सीटवरून आवाज आला.

चर्रर्र...

घामानं चिकटलेली पाठ रेक्झिनवरून सोलून निघावी तसा.

बाबांच्या चादरीखाली रेक्झिन होतं. त्यांना कुशीवर वळवलं की अगदी असाच आवाज यायचा. आणि मग ते दुखणं गिळायचे. ओरडायचे नाहीत. नुसतं नाकातून...

"हं..."

गाडीत कोणी नव्हतं. दारं बंद होती, काचा वर होत्या.

मी तिथून कसा निघालो ते मलाच माहीत. कोपरं सोलवटली. हातमोजे ओरबाडून कचऱ्याच्या बादलीत फेकले आणि घरात जाऊन अर्धा साबण संपवला.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अरे नाकमुरड्या, तेलाला तेलाचाच वास येणार, अत्तराचा येईल का? सोमवारी आईला नेलं नाहीस तर मी येऊन तुझे कान उपटीन."

रविवारी दुपारी परत शेडमध्ये गेलो. दुसरा इलाज नव्हता. सकाळपासून आईनं तीनदा विचारलं होतं, "होईल ना रे गाडी?"

कालचे हातमोजे बादलीत पडले होते. तेव्हा ते रिकामे होते.

आता ते भरलेले होते. टम्म. पाचही बोटं फुगलेली, बादलीच्या कडेवरून लोंबणारी, आणि एका बोटाच्या टोकातून... टप... टप... पिवळं पाणी गळत होतं.

बादली मी पायानं ढकलत ढकलत बाहेर नेली. नवे मोजे घातले. एकावर एक, दोन जोड.

पॅकिंग बदलायचं तर आधी जुनं तेल काढावं लागतं. चेंबरखाली टब ठेवला आणि तळाचा बोल्ट फिरवला. तेल यायला लागलं, काळं, जाड. साधारण चार लिटर येतं. चार लिटर आलं आणि धार बारीक झाली. मग पांढुरकी झाली. मग घट्ट झाली आणि भोकातून कशीबशी, गुठळ्या गुठळ्या बाहेर पडायला लागली. प्रत्येक गुठळी टबात पडताना पचकन वाजत होती. तोच वास. मी श्वास तोंडानं घेत होतो, तर आता त्याची चव यायला लागली.

मग धार थांबली.

भोकातून काहीतरी पांढरं डोकावत होतं. फडक्याचा तुकडा गेला असेल आत, म्हणून मी चिमटीत धरून ओढला.

ते आलं... येतच राहिलं.

एक वीत. एक हात. दोन हात. जाळीदार, चिकट, तपकिरी झालेली पट्टी. आणि गरम. इंजिन परवापासून बंद होतं.

मी ती पट्टी ओळखली.

आता सांगतो.

बाबांच्या माकडहाडाची जखम वरून रुपयाएवढी होती, पण आत मोठी पोकळी होती. त्या पोकळीत गॉजची लांब पट्टी भरायची. रोज जुनी काढायची, नवी घालायची. नर्सनं मला शिकवलं होतं, कारण आईचे हात थरथरायचे. पहिल्या दिवशी मी डोळे अर्धे मिटून ती ओढली. ती येत राहिली, येत राहिली, आणि मी बेसिनकडे पळालो.

त्यानंतर चार दिवस मी पट्टी बदलली नाही.

वरची चिकटपट्टी तेवढी नवी लावायचो. "झालं, बाबा," म्हणायचो. आईलाही सांगायचो, "बदलली."

चौथ्या दिवशी बाबा पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "हातमोजे काढ रे. एकदा बोटानं बघ. आत काहीतरी आहे."

मी म्हटलं, "काही नाही. छान सुकतंय."

पाचव्या दिवशी ताप चढला. ॲम्ब्युलन्स आली.

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. आज इथे लिहितोय. थू म्हणा माझ्यावर, मला चालेल.

तर मी गाडीखाली उताणा, हातात ती पट्टी, आणि माझ्या नाकासमोर ते भोक. पळून जावंसं वाटत होतं. पण खिडकीतून आईच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. उद्या उभी राहायचं म्हणून खूश होती ती.

गळतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे.

चेंबरमधून गळतच नव्हतं. वरून कुठून तरी उतरून तिथे ठिबकत होतं. वर, इंजिनच्या मागच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही. हात पोचतो. पण दोन दोन मोजे घातलेल्या हाताला तिथे काय कळणार, कपाळ?

मी मोजे काढले.

दोन्ही जोड.

आणि उघडा हात वर घातला. मनगट. कोपर. गार लोखंड, गार नळी, चिकट माती. मग बोट आणखी वर सरकलं आणि...

मऊ लागलं.

कातडी होती ती. गरम, ओली, घामेजलेली. बोटाखाली एक जाडसर कड, आणि कडेच्या आत... काहीच नाही. पोकळी. बोट आत गेलं. पहिलं पेर. दुसरं पेर. आतून काहीतरी कोमट माझ्या तळहातावरून मनगटाकडे ओघळलं. शरीराचा कण न् कण ओरडत होता, काढ हात, काढ.

अगदी कानाजवळ...

"हं..."

मी हात काढला नाही.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "झालं बाबा. झालं. थोडं सहन करा. बघतोय मी."

किती वेळ गेला कोण जाणे. पत्रा वाजायचा थांबला होता. रेडिओही ऐकू येत नव्हता. हळूहळू बोटाखालचं गार होत गेलं, टणक झालं, आणि मला कळलं की माझ्या हातात तेलाचा लाल दिवा लावणारा स्विच आहे. अंगठ्याएवढा. ढिला. त्यामागचा तांब्याचा वायसर, म्हणजे चकती, चिरलेला.

बाबांच्या हत्यारांच्या डब्यात तसले वायसर दोऱ्यात ओवून ठेवलेले होते. एक लावला. चेंबर उघडलंच नाही. बोल्ट लावला, नवं तेल ओतलं, गाडी चालू केली. लाल दिवा विझला.

जमिनीवर टाकलेली ती पट्टी मात्र शोधूनही सापडली नाही. टबात नुसतं काळं तेल होतं.

साडेचारला शेवटचा म्हणून पुठ्ठा बाहेर काढला. सहाही डाग वाळून गेले होते. बोट लावलं तर कोरडे.

हुश्श म्हणणार होतो...

एक डाग ओला होता. नवा. लिंबाएवढा. आधीच्या सहांपैकी नव्हता तो. मधल्या डागाच्या बाजूला, झोपणाऱ्याच्या डाव्या अंगाला, कमरेच्या खाली.

डावा खुबा.

बाबांना तिथे जखम कधीच नव्हती.

माझी नजर आपोआप खिडकीकडे गेली. आईचा उजवा खुबा ऑपरेशनचा. पाच आठवडे ती डाव्या अंगावर झोपत होती.

मी पळत आत गेलो. हात धुतले, आणि उघडेच ठेवले.

"आई, जरा उजवीकडे वळ. मी धरतो पाय."

"कशाला? राहू दे. मावशी..."

"मावशी गेल्या खड्ड्यात. वळ तू."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मोजे नव्हते. मग वळली.

गाऊन बाजूला केला. वास आधी आला. लिंबाएवढं, जांभळं-काळं, मध्ये कातडी नुकतीच फाटलेली. कडेला बोट लावलं तर गरम आणि पिचपिचीत. तिनं नाकातून श्वास सोडला. "हं..."

"कधीपासून आहे हे?"

"चार दिवस झाले."

"मग मावशींना का नाही सांगितलंस? मला का नाही सांगितलंस?"

"मावशी सुट्टी सोडून थांबल्या असत्या. आणि तू..." ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तू बघायला लागला असतास, मग तुला मळमळलं असतं. मग तू 'छान सुकतंय' म्हणाला असतास. आणि नंतर जन्मभर झुरला असतास. तेव्हासारखा."



"तुला माहीत होतं?"

"यांनीच सांगितलं होतं मला. तिसऱ्या दिवशी. मी तुला हाक मारणार, तर म्हणाले, पोराला बोलू नकोस. त्याला किळस येते. येईल तो आपणहून. हातमोजे काढून येईल." मग ती म्हणाली, "मीही थांबले. माझंही चुकलंच रे."

मी तिच्या पलंगाशी बसून ढसाढसा रडलो. हात तसाच तिच्या खुब्यावर होता.

सोमवारी एक थेंब न गळता गाडी हॉस्पिटलात पोचली. डॉक्टरांनी जखम साफ केली. "आणखी दोन दिवस गेले असते तर आत पोकळी झाली असती," म्हणाले. हाड जुळलं होतं. त्यांनी आईला धरून उभं केलं. ती मोजून अकरा सेकंद उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता चहा मी करणार."

या गोष्टीला पाच महिने झाले. आईची जखम भरली. रोजचं ड्रेसिंग मीच केलं, उघड्या हातानं. किळस गेली म्हणाल तर नाही गेली. रोज ड्रेसिंग झालं की मी बेसिनवर वाकायचो. पण झाल्यावर, आधी नाही.

तो पुठ्ठा अजून गाडीखालीच आहे. फेकायची हिंमत होत नाही. कोरडा ठणठणीत असतो. आणि बाबांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. गळायचं थांबलं की घाबर.

म्हणून रोज सकाळी, गाडी काढायच्या आधी, मी तेल मोजायची काडी ओढून बघतो. तेल तेवढंच असतं. ना कमी, ना जास्त. काडी मी फडक्यानं पुसत नाही, बोटानंच पुसतो.

गाडी रात्रभर बंद असते.

काडी रोज गरम लागते... अंगाएवढी गरम.